शिळ्या मॅचचा नवस

सर,

तुम्ही गेलात त्या दिवशी आपल्या गोडादऱ्याच्या मोहल्ल्यात एकही लूम बंद राहिला नाही. ही तक्रार नाही, नोंद आहे. तुमच्या बास्केटबॉलच्या टीममधले चौघे पाळीवर होते. बदली माणूस उभा करून ते आले, तुम्हाला माती दिली आणि परत कारखान्यात गेले. शाळेनं शोकसभा घेतली. मुख्याध्यापकांनी तुमची नेमणूक, बढती, निवृत्तीला उरलेली वर्षं सगळं वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाले, "रूबेन सर यहुदी असूनही आपल्यात मिसळून गेले होते." त्या 'असूनही'वर तुम्ही हसला असता. मला हसू आलं नाही. तेव्हाच ठरवलं की नेमणूक आणि बढती मी लिहायची नाही.

खरं तर मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. मी बसलो होतो पत्रक लिहायला. परवा काशिनाथ घरी आला. तुमचा कॅप्टन, पण माझ्या दारात तो कधी बसत नाही, उभ्यानं बोलतो. या वेळी बसला. म्हणाला, "सरंना नावनी स्पर्धा भरावनी शे. पत्रक तू लिख." मी विचारलं, खर्च कोण करतंय? त्यानं शाळेच्या भिंतीकडे बोट केलं. म्हणजे भिंतीपलीकडचे, कापड रंगवणारे प्रोसेसवाले शेठ. पत्रकावर सगळ्यात वर त्यांचं नाव, त्याखाली तुमचं.

हेच ते शेठ, ज्यांच्या बॉयलरची राख शाळेच्या अर्ध्या मैदानावर पडते. मी नाही म्हणालो. काशिनाथ म्हणाला, "इचार कर. मंग सांग." आणि गेला.

तुम्ही असता तर आपण भांडलो असतो. तुम्ही नाही, म्हणून दोन्ही बाजू मलाच लिहाव्या लागतायत. तुमच्या बाजूवर अन्याय झाला तर समजून घ्या. तुमची बाजू मांडायची मला सवय नाही.

*

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील लूमवर आणि युनियनमध्ये. वाटून उरलेली पत्रकं आई फळीवर डब्यांखाली अंथरायची. मी अक्षरं जुळवायला शिकलो ती तांदळाच्या डब्याखालच्या 'कामगार बंधूंनो'वर. त्यामुळे जगात दोन बाजू असतात आणि आपली कुठली हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

तुमच्या शाळेच्या फाटकावर मी पत्रकं वाटत होतो, तेव्हा सतरा वर्षांचा होतो. लोक पत्रक घेतात, घडी करतात, खिशात टाकतात. तुम्ही काखेत चेंडू धरून, शिट्टी गळ्यात तशीच ठेवून, उन्हात उभे राहून ते शेवटपर्यंत वाचलंत. मग म्हणालात, "चांगलं आहे रे. पण ह्यात सगळे नुसते रागावलेलेच आहेत. तुमच्या युनियनमध्ये कोणी खेळत नाही का?"

मी म्हणालो, "क्रांती म्हणजे खेळ नव्हे, सर."

"बरं," तुम्ही म्हणालात. "सुट्टीच्या दिवशी दुपारी घरी ये. तुला एक युनियन दाखवतो. खेळणारी."

मी आलो तो तुम्हाला खोटं पाडायला. तुमच्या दोन खोल्यांच्या घरात सतरंजीवर काशिनाथ, भटू आणि लूमवरची आणखी दहाबारा पोरं दाटीनं बसली होती. भाड्याचा व्हीसीआर होता. काकू भिजवलेले चणे वाटत होत्या. आणि पडद्यावर लाल बनियनमधले उंच लोक परक्या भाषेतल्या गोंगाटात चेंडू आपटत पळत होते. मी दारात उभा राहून विचारलं, "कोण जिंकतंय?" सगळी सतरंजी माझ्यावर खेकसली. भटू म्हणाला, "ओ कॉम्रेड, आठे निकाल इचारतस नही. बठ गुपचूप."

ते नाव मला तिथेच चिकटलं.

*

पडद्यावरच्या त्या क्लबाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर त्याच्याआधी एका कंपनीचंही लिहावं लागेल, कारण आता ती दोन्ही नावं जोडूनच छापतात. आपण त्याला 'लाल क्लब' म्हणायचो. तसंच लिहितो.

तुमचा धाकटा भाऊ हन्नोक तरुणपणी कोकणातून इस्रायलला गेला. तिथल्या एका बंदराच्या गावी त्याला हमालाचं काम मिळालं. तुम्ही सांगायचात: तिथले गोरे यहुदी त्याला विचारायचे, तू नक्की यहुदी का? तो म्हणायचा, माझी आई शुक्रवारी दिवा लावते, तुमची लावते का? भांडण व्हायचं. राहायला पत्र्याची खोली, बोलायला कोणी नाही, भाषा फक्त प्रार्थनेपुरती माहीत. अशात कोणीतरी त्याला क्लबाच्या मॅचला नेलं.

हा क्लब मजुरांच्या संघटनेनं काढलेला. पहिली टीम संत्र्यांच्या पेट्या जहाजावर चढवणाऱ्यांची. पाळी सुटली की पेट्यांच्या गोदामामागे डांबरावर खेळायचे, पायात कामाचेच बूट. छातीवर दात्यांचं चाक आणि गव्हाची ओंबी. पुढे संघटनेनं एक लहानसा हॉल बांधून दिला, वर पत्रा, बसायला सिमेंटच्या पायऱ्या. दाराजवळच्या पायऱ्या बंदरवाल्यांच्या. ते मॅचभर सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया सोलत बसतात, आणि मॅच अटीतटीची झाली की सालं घोट्यापर्यंत येतात. आपल्या खेळाडूचा फ्री थ्रो चुकला तर शिव्या नाहीत. सगळी पायरी दोनदा टाळी वाजवते, म्हणजे त्यानं समजावं की चुकलं ते आपलं सगळ्यांचं चुकलं. हरणारी मॅच सोडून जो उठला, त्याची जागा उभ्या असलेल्या माणसाला मिळते. कायमची.

हन्नोक त्या पायरीवर बसला आणि तिथे कोणी त्याला विचारलं नाही की तू नक्की कोण. पुढच्या वर्षी त्यानं ढोलकी नेली. तिथे ड्रम वाजवायचे, सरळ एकसुरी, फौजेसारखा. हन्नोकनं त्यात आपला ठेका घुसवला. पहिल्यांदा मी कॅसेटवर तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं, बाहेर गल्लीत कोणाची तरी वरात आहे. तुम्ही हसत म्हणालात, "बाहेर नाही. आत बघ. डावीकडून तिसरा. टक्कल पडलंय त्याला."

क्लब कधी लीग जिंकला नाही. समुद्रकाठच्या मोठ्या शहरातला एक श्रीमंत क्लब दरवर्षी जिंकायचा. त्याच्याकडे अमेरिकेतून आणलेले खेळाडू असत. लाल क्लब कधी दुसरा, कधी पाचवा, एकदा तर खालच्या लीगमध्ये जाता जाता वाचला. मी तेव्हा विचारलं होतं, "सर, हरणाऱ्यांनाच धरून बसायचं ह्यात कसला आनंद?" तुम्ही माझ्या पिशवीतल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे बघितलंत.

*

कॅसेट महिन्याभरानं पोचायची. शेजारच्या वराछाचे एक हिरेदलाल कच्च्या मालासाठी तिकडे जायचे. हन्नोक त्यांच्या हॉटेलवर कॅसेट पोचवायचा, ते इथे तुमच्या घरी. तुमचा नियम एकच: निकाल कोणी विचारायचा नाही, कोणी सांगायचा नाही. हन्नोकच्या पत्रात निकाल असेल म्हणून तुम्ही पत्रसुद्धा मॅच बघितल्यावर फोडायचात. एकदा दलालानंच दारात सांगून टाकलं, "सर, तमारा लालवाळा तो हारी गया." तुम्ही त्याला चहा पाजलात, हात जोडून निरोप दिलात आणि ती कॅसेट न बघता परत डब्यात ठेवलीत. काकू म्हणाल्या, "बिचाऱ्याला वाटलं तो उपकार करतोय."

आणि तो नवस. कपच्या सेमीफायनलची कॅसेट आली होती. तुम्ही टीव्हीपुढे उभे राहिलात, डोकं टोपीनं झाकलंत आणि एलियाहू नबीला मोठ्यानं नवस बोललात: क्लब जिंकला तर मलिदा करीन. मला राहवलं नाही.

"सर, मॅच होऊन महिना झाला."

"माहीत आहे."

"मग नबी आता काय करणार? झालेला स्कोअर बदलणार?"

"तिकडे झाली असेल. इथे अजून व्हायचीय."

"ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. तीही शिळी."

काकू आतून म्हणाल्या, "ह्यांना काही सांगू नकोस रे. माझ्याशी लग्न व्हावं म्हणून ह्यांनी नवस केला तो लग्न झाल्यावर आठवड्यानं."

"आणि पावला की नाही?" तुम्ही म्हणालात. पोरं इतकी हसली की मॅचची पहिली काही मिनिटं कोणीच नीट बघितली नाहीत.

क्लब एका बास्केटनं हरला. शेवटचा चेंडू रिंगवर फिरला आणि बाहेर पडला, आणि खोलीत, महिना उशिरा, सगळ्यांनी दोनदा टाळी वाजवली. मीसुद्धा. हात कधी वर गेले ते कळलं नाही. पुढच्या सुट्टीला तुम्ही मलिदा केलातच: गोड पोहे, ओलं खोबरं, खजूर, कापलेली फळं. मी म्हणालो, "सर, हरलो ना आपण?" तुम्ही म्हणालात, "नवस जिंकण्यासाठी थोडाच होता? मॅच नीट बघायला मिळावी म्हणून होता." तुम्ही सगळ्यांसमोर नवस फिरवलात आणि चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. असा माणूस युनियनमध्ये असता तर एकही करार आमच्याविरुद्ध गेला नसता. तेव्हा मी हे बोललो नाही. जाता जाता दोन वाट्या मलिदा मात्र खाल्ला.

*

एक वाद आपण कधी मिटवला नाही. तो इथेही मिटणार नाही.

मी म्हणालो होतो, तिकडे फौजेवर दगड मारणाऱ्या अरब पोरांची हाडं मोडतात, त्यांच्या जमिनीवर दुसऱ्यांची घरं उभी राहतात, आणि आपण त्या देशाच्या क्लबासाठी टाळ्या वाजवतो. मजुरांचा क्लब म्हणता, मग अरब मजूर त्या पायरीवर बसतो का?

तुम्ही म्हणालात, "हन्नोकचा मुलगा फौजेत आहे. मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करतो. त्या दगडवाल्या पोरांसाठीही करतो. तुझ्या पत्रकात दोन रकाने असतात. माझ्या घरात नाहीत."

हे उत्तर नव्हतं, सर. मी तेव्हा सांगितलं, आजही सांगतो. पुढच्या पत्रात तुम्ही हन्नोकला माझा प्रश्न विचारलात, हे मला काकूंकडून कळलं. त्यानं लिहिलं होतं की बंदरावर बरोबरीनं माल उचलणारे दोघे अरब एका हिवाळ्यात मॅचला यायचे, पुढे यायचे बंद झाले, आणि का ते त्यानं विचारलं नाही. ते पत्र तुम्ही मला वाचून दाखवलंत. लपवू शकला असता. त्या दिवसापासून मी तुमच्याशी भांडताना आवाज थोडा कमी ठेवू लागलो. भांडण तेवढंच राहिलं.

*

मग क्लबानं एका कंपनीला नाव विकलं.

कॅसेट लावली आणि लाल शर्टवर आडवी पांढरी अक्षरं दिसली. चाक आणि ओंबी बाहीवर गेली होती, बटणाएवढी. कॅमेरा फिरला तेव्हा दाराजवळच्या पायऱ्या दिसल्या: बंदरवाले सगळे मॅचकडे पाठ करून उभे. टकल्या हन्नोकसकट. पहिला टाइम-आउट होईपर्यंत एकानं मान वळवली नाही. ढोलकी मात्र चालू होती.

आयुष्यात पहिल्यांदा मला त्या क्लबाचा अभिमान वाटला. मी उठून म्हणालो, "आपणही पाठ फिरवायची."

काशिनाथ म्हणाला, "टीव्हीकडे?"

"हो. टीव्हीकडे."

आणि फिरवली, सर. गोडादऱ्यात, महिना उशिरा, तेरा माणसं भाड्याच्या टीव्हीकडे पाठ करून कपाटाकडे तोंड करून बसली. मागून चेंडूचा आवाज येत होता. दोन मिनिटांत भटूचा धीर सुटला. "पन स्कोअर काय व्हयना, ते आमले कसं समजी?"

तुम्ही एकटेच पडद्याकडे बघत होता. म्हणालात, "मी बघतो ना. तुम्ही तत्त्व सांभाळा, मी स्कोअर सांगतो. आठ-सहा. आपले पुढे."

मी रागानं वळलो. "सर, तुम्ही का नाही फिरलात?"

"कोणीतरी बघायला नको का रे? सगळेच फिरले तर खेळणाऱ्या पोरांनी कोणाकडे बघायचं? शर्ट त्यांनी थोडाच विकलाय."

तो वाद पुढच्या वर्षी थेट आपल्या मैदानावर आला.

आपलं मैदान म्हणजे अर्धं मैदान. उरलेल्या अर्ध्यावर राखेचा ढीग. एकच रिंग, तीन विरुद्ध तीन. चेंडू राखेत गेला की करडा होऊन यायचा. प्लेगच्या साली सगळा मोहल्ला भुसावळच्या गाडीनं खानदेशात पळाला, तेव्हा तुम्ही मागे राहिलात. विचारलं तर म्हणालात, "रिंग कोणी काढून नेली असती." परत आलो तेव्हा रिंग जागेवर होती, आणि राख दोन हात पुढे सरकली होती.

मी महानगरपालिकेला अर्ज केले, पत्रकं काढली. काही झालं नाही. आणि एक दिवस तुम्ही शेठकडून लाल शर्टांचा गठ्ठा घेऊन आलात. छातीवर आणि पाठीवर त्यांच्या प्रोसेसचं नाव.

"तिकडचे लोक शेठच्या नावाकडे पाठ करतात," मी म्हणालो, "आणि आपण ते नाव छातीवर घ्यायचं?"

"तिकडच्यांच्या अंगात शर्ट आहेत म्हणून पाठ शोभते. आपली पोरं गंजीफ्रॉकवर खेळतात."

"शर्ट घेतला की तोंड बंद होतं, सर."

"उलट आहे. शर्ट घेतला की शेठच्या केबिनपर्यंत जाता येतं."

"मग जा. राखेचं बोला."

"बोलेन. वेळ बघून."

पोरांनी शर्ट घातले. काशिनाथनं तर आरशात बघण्यासाठी न्हाव्याचं दुकान गाठलं. मी त्या दिवसापासून मैदानावर आलो नाही. घरी कॅसेट बघायला यायचो, कारण ते तुमचं घर होतं. वाटेत भेटलात की तुम्ही विचारायचात, "काय कॉम्रेड, नवीन पत्रक?" मी विचारायचो, "काय सर, वेळ आली?" तुम्ही हात हलवायचात.

ती वेळ आली का, हे मला माहीत नाही. तुम्ही शेठशी बोलला होता की नाही, हे कोणालाच माहीत नाही. राख तिथेच आहे.

*

शाळेच्या जिन्यात तुम्हाला कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, असं मला सांगितलं. मी तिथे नव्हतो, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

अहमदाबादहून तुमच्यातली माणसं आली. प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात. नऊ झाले होते, दहाव्याची वाट बघत सगळे दारात बसलो होतो. पोरं तुमचे लाल शर्ट घालून आली होती. मी काशिनाथला बाजूला घेतलं. "आज तरी?" तो शांतपणे म्हणाला, "समदासनं सारखं दुसरं काय शे आमनाजवळ?" सगळ्यांकडे एकसारखं असं दुसरं काही नव्हतं. हे खरं होतं.

दहावा आल्यावर निघालो तेव्हा खांदा द्यायला मी मागे होतो, भटू माझ्यापुढे. दफनभूमीपर्यंत मी त्याच्या पाठीवरचं शेठचं नाव वाचत चाललो. नजर हटवायला जागा नव्हती. ते नाव घामानं भिजून पाठीला चिकटलं होतं, आणि शर्टाच्या खाली भटू रडत होता हे मला त्या नावाच्या हलण्यावरून कळत होतं. त्या अक्षरांचा मला राग येत होता की नाही, हे मी तेव्हा ठरवू शकलो नाही. आत्ताही ठरवत नाही.

परत आल्यावर काकू म्हणाल्या, "एक शर्ट तुझाही आहे. ह्यांनी तुझ्या मापाचा मागून घेतला होता. तू घेणार नाहीस म्हणाले, पण कपाटात असू दे म्हणाले." मी घेतला नाही. त्यांनी आग्रहही केला नाही. त्यांनी चणे पुढे केले, ते घेतले.

मला वाटतं, मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आभार मानले की वादात हरल्यासारखं होतं, असं आमच्याकडे शिकवत नाहीत, पण मी शिकलो होतो. तुम्ही मला सुट्टीच्या दुपारी बसायला एक सतरंजी दिलीत. माझं सगळं पत्रक वाचणारे तुम्ही पहिले. चुकलेल्या फ्री थ्रोला टाळी वाजवायला तुम्ही शिकवलंत, आणि ते कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं.

*

इथपर्यंत लिहून झालं आणि काशिनाथ पुन्हा आला, भटूला घेऊन.

"व्हयना का इचार?"

मी म्हणालो, माझं उत्तर तेच आहे. राख टाकणाऱ्याचं नाव मी सरांच्या वर लिहिणार नाही.

"तू लिखशी नही, ते कोन लिखी?" भटू म्हणाला. "मन्हं अक्षर ते तुले माहीतच शे."

काशिनाथ म्हणाला, "एक सांग. सर ऱ्हातात, ते शेठनं नाव टाकतात का नही?"

मी पेनाला टोपण लावलं.

"टाकतात ना?"

"टाकलं असतं."

"मंग? स्पर्धा तुन्ही शे का सरंनी?"

मी कागद घेतला. वर शेठचं नाव लिहिलं. त्याखाली तुमचं. दिवस, जागा, तीन विरुद्ध तीन, प्रवेश सगळ्यांना. कागद त्यांच्यापुढे सरकवला. काशिनाथनं वाचला, उलटवून मागची बाजू बघितली.

"आनि मागन्या?"

"कसल्या मागण्या?"

"तुन्हा पत्रकमा खाले मागन्या ऱ्हातीस. नेहमी. आठे नहीत."

भटू म्हणाला, "मागनी नही ते लोक समजतीन का कॉम्रेड बिमार शे."

मी कागद परत ओढला आणि खाली एकच लिहिली: शाळेचं पूर्ण मैदान मुलांना मोकळं करून द्या, तिथे कोणाचीही राख पडू नये. लिहून म्हणालो, "आता शेठ हे छापणार नाहीत."

"चाल, इचारूत," काशिनाथ म्हणाला.

गेलो. ते दोघं लाल शर्टात, मी माझ्या. केबिनपर्यंत कोणी अडवलं नाही. शेठना मराठी वाचता येतं; त्यांच्याकडचे निम्मे कामगार आपलेच. त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, मान हलवली. तुमचं नाव वाचलं, पुन्हा हलवली. मग खाली आले आणि थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं. माझ्याकडे बघितलं. मला ते ओळखतात, माझी पत्रकं त्यांच्या गेटवर लागतात. पण प्रश्न त्यांनी काशिनाथला विचारला.

"आ कोणे लख्युं?" हे कोणी लिहिलं?

काशिनाथनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "सरे," तो म्हणाला. सरांनी.

भटू छताकडे बघायला लागला. शेठ मला ऐकू येईल न येईल असं म्हणाले, "मने पण बे वार कह्युं हतुं." मलाही दोनदा म्हणाले होते.

दोनदा, सर. मला तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत.

त्यांनी कागद मुनीमाकडे सरकवला. "छपावी दो." राख उचलतो असं ते म्हणाले नाहीत, आणि आम्हीही मान्य झालं असं समजून उठलो नाही.

पत्रकं संध्याकाळी छापून आली. वर शेठचं नाव, खाली शेठविरुद्ध मागणी, मध्ये तुम्ही. अशी रचना मी कधी केली नसती, आणि ती बरोबर आहे असं अजूनही म्हणत नाही. राख जागेवर आहे. गठ्ठा माझ्या घरी आहे. उद्या सकाळी पाळी सुटताना मी तो शेठच्या गेटवर वाटणार आहे.